नियमांची वही

(१९९६ च्या दहावीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलले तसेच ठेवले आहे. जिथे अडखळले होते तेवढे काढले.)



संयोजकांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "तू कॉम्प्युटरमध्ये आहेस, तर एआयवर बोल." मी म्हटलं, त्यावर बोलणारे इथे निदान बारा जण सापडतील, शिवाय जेवणाची वेळ जवळ आलेली असेल. मला दुसऱ्याच विषयावर बोलू द्या. विषय ऐकून ते जरा गप्प झाले. विषय आहे खेळाच्या नियमांची पुस्तकं. ती लिहायची कशी, आणि लिहून झाल्यावर नियम बदलले तर ती ताजी कशी ठेवायची.

हसू नका. या विषयात माझी एक जुनी थकबाकी आहे आणि ती ज्यांची द्यायची ते दोघंही आज या मांडवात आहेत. एक पहिल्या रांगेत, खुर्चीवर. दुसरी तिसऱ्या रांगेत, आणि मी कशाबद्दल बोलणार आहे हे तिला अजून कळलेलं नाही. दोघांचीही नावं घेणार नाही. तुम्हाला ओळखू येतीलच.

आपण पाचवीत होतो तेव्हा, १९९० मध्ये, बीजिंगच्या आशियाई खेळांत कबड्डी पहिल्यांदा खेळली गेली आणि भारताला सुवर्ण मिळालं. पालीत त्यानंतर काय झालं ते आठवतंय ना? रायगडात कबड्डी आधीपासून होतीच, पण आता मुलींच्या घरचेही "खेळू दे" म्हणायला लागले. सरांनी मुलींचा संघ काढला. संध्याकाळी सरसगडाची सावली मैदानावर यायच्या आत फक्की मारून रेषा आखायच्या, आणि मग सराव. मी संघात नव्हते. माझा दम तीन पावलांत संपायचा. पण माझं अक्षर चांगलं होतं.

सरांकडे कबड्डीच्या नियमांची एक पुस्तिका होती. एकच. ती अशी दिसायची की छापलेल्या पानांवर जागोजागी कागदाच्या चिठ्ठ्या चिकटवलेल्या, काही पिवळ्या पडलेल्या, काही ताज्या, आणि पान उलटलं की त्या फडफडायच्या. सर कुठे पंचांच्या शिबिराला गेले, कुणा जाणत्या पंचाशी बोलणं झालं, की परत आल्यावर एक चिठ्ठी वाढायची. सरांनी ती पुस्तिका दोन दिवसांसाठी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "मुलींसाठी वहीत उतरवून काढ. सगळ्यांना वाचता येईल असं."

मी दोनशे पानी वही घेतली. मैदानाची आकृती काढली. मध्यरेषा, निदान रेषा, अंतिम रेषा, सगळं पट्टीने. शीर्षकांना लाल शाई. आणि चिठ्ठ्या मी उतरवल्या नाहीत. मला त्या आवडल्या नव्हत्या. छापलेलं ते खरं पुस्तक, आणि चिठ्ठी म्हणजे सरांनी मागाहून केलेली गिचमिड, असं माझं त्या वयातलं मत. वही फार सुंदर झाली. सरांनी पहिली चारपाच पानं पाहिली, शाबासकी दिली, आणि त्यानंतर सगळा संघ त्या वहीवरून नियम शिकला.

आता एक नियम सांगते. ज्यांना माहीत आहे त्यांनी दोन मिनिटं धीर धरावा. कबड्डीच्या मैदानाच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटरचा पट्टा असतो. त्याला राखीव क्षेत्र म्हणतात, आताची मुलं लॉबी म्हणतात. चढाई चालू आहे, कुणाला हात लागलेला नाही, आणि तुमचा पाय त्या पट्ट्यात पडला, तर तुम्ही बाद. पण एकदा स्पर्श झाला, झटापट सुरू झाली, की तोच पट्टा मैदानाचा भाग होतो. मग त्यातून सुटून मध्यरेषा गाठली तरी चालतं. सरांच्या पुस्तिकेत या नियमाचा पहिला अर्धा भाग मैदानाच्या वर्णनात होता आणि दुसरा बराच पुढे, खेळाच्या नियमांत, वेगळ्या शब्दांत. वाचणाऱ्याच्या ध्यानात यायचा नाही म्हणून सरांनी मैदानाच्या पानावर चिठ्ठी लावून दोन्ही भाग एकत्र लिहिले होते. मी मैदानाचं पान उतरवलं, चिठ्ठी सोडली. पुढच्या पानांतलं ते वाक्य उतरवताना माझाच घोटाळा झाला आणि तेही अर्धंच आलं. वहीत उरलं ते एवढंच: पट्ट्यात पाय म्हणजे बाद.

आपण नववीत होतो. १९९४ चा पाऊस संपला होता. तालुक्याच्या शालेय स्पर्धेत आपला मुलींचा संघ शेवटच्या सामन्यापर्यंत गेला. सामना संपायला मिनिटभर राहिलं होतं आणि आपण एका गुणाने मागे. आपली मुलगी चढाईला गेली. त्या वयात इतकी चपळ मुलगी मी पुन्हा पाहिली नाही, आणि हे मी ती समोर बसली आहे म्हणून म्हणत नाही. तिने कोपऱ्यातल्या मुलीला स्पर्श केला, वळली, दोघींनी तिला धरलं. ती ओढत ओढत बाजूला आली. तिचा उजवा पाय बाजूच्या रेषेशी होता, पट्टा मोकळा, मध्यरेषा हातभर लांब. पाय पट्ट्यात टाकला असता तर ती सुटत होती. तिने रेषा पाहिली आणि पाय मागे घेतला. मी अगदी जवळ उभी होते. तिचे डोळे खाली रेषेवर गेलेले मला दिसले. मग ती त्या दोघींच्या खाली पडली, दम तुटला, शिटी वाजली.

परतताना एसटीत कुणीतरी मोठा मुलगा म्हणाला, "अगं, पाय टाकायचा ना पट्ट्यात!" ती म्हणाली, "पट्ट्यात बाद असतं. आम्हाला तसंच शिकवलंय." सगळ्यांनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीशी बसले होते. ते एवढंच म्हणाले, "माझी चूक. मी नीट सांगायला हवं होतं."

वही माझ्या दप्तरात होती. घरी गेल्यावर मी ते पान काढून पाहिलं, आणि मला कळलं. दुसऱ्या दिवशी मी काहीच बोलले नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. गावात बरेच दिवस चर्चा चालली की शाळेत मुलींना नियमसुद्धा धड शिकवत नाहीत. दहावीचं वर्ष आलं आणि तिच्या घरून खेळ बंद झाला. तो त्या सामन्यामुळेच झाला असं मी म्हणत नाही, घरोघरी कारणं असतात. पण तो सामना जिंकला असता तर जिल्ह्याला गेलेल्या मुलीला घरी बसवणं जरा अवघड गेलं असतं. हे मी मनाशी बऱ्याच वेळा बोलले आहे. मोठ्याने आज पहिल्यांदा.

आता मध्ये बरीच वर्षं सोडते. इंजिनिअरिंग, नोकरी, पुणे, लग्न, मुलगी. गेली पंधरा वर्षं माझं काम विम्याच्या सॉफ्टवेअरचं आहे. त्यातलं मुख्य तत्त्व तुम्हाला एका वाक्यात सांगता येईल: पॉलिसी ज्या दिवशी घेतली त्या दिवशीचे नियम तिला लागू. नियम दरवर्षी बदलतात, पण २००९ च्या पॉलिसीचा हिशेब आजच्या नियमाने करून चालत नाही. म्हणून आम्ही जुना नियम कधीच खोडत नाही. तो अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, अशी नोंद करून ठेवतो आणि नवा त्याच्या शेजारी लिहितो. हे मी पगार घेऊन रोज करते. घरी काय केलं ते ऐका.

आमच्या घरी दर शनिवारी संध्याकाळी जेवणाच्या टेबलाभोवती सहा जण बसतात. माझी अकरावीतली मुलगी, तिचे चार मित्रमैत्रिणी, आणि मी. खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स. याला पट लागतोच असं नाही, सोंगट्या असल्या तर बरं, नसल्या तरी अडत नाही. एक जण सूत्रधार. तो गोष्ट सांगतो: तुम्ही घाटात आहात, अंधार पडलाय, पुलावर कुणीतरी उभं आहे. बाकीच्यांची एकेक पात्रं. पात्राचं बळ किती, चपळाई किती, अंगात कोणती विद्या, हे एका कागदावर आकड्यांत लिहिलेलं. तुम्ही म्हणता, मी त्याला धरते. धरता आलं की नाही ते वीस बाजूंचा फासा टाकून ठरतं. आणि फाशावर किती पडलं म्हणजे जमलं, त्यात काय मिळवायचं, हे पुस्तकात दिलेलं असतं. मुख्य पुस्तकं तीन, आणि खेळाडूंचं एकटंच तीनशेच्या वर पानांचं. सुरुवातीला मुलांना खायला द्यायला जायची, तेवढाच माझा संबंध. मग एका शनिवारी एक जण आला नाही आणि त्याच्या जागी मला बसवलं. तेव्हापासून उठलेच नाही. माझं पात्र एक म्हातारी वैदू आहे.

मुलांना इंग्रजी पुस्तक पटकन सापडत नाही, खेळ थांबतो, म्हणून मी त्यांच्यासाठी मराठीत नियमांचं एक पान तयार केलं. फोनवर उघडायचं, शब्द टाकायचा, नियम समोर. हे करायला परवानगी लागते का, असं काहींना वाटेल. या खेळाच्या मूळ नियमांचा एक गाभा प्रकाशकांनी जानेवारी २०२३ मध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली कायमचा खुला केला. तोही सुखासुखी नाही. आधीचा जुना परवाना बदलायचा त्यांचा बेत होता आणि जगभरच्या खेळाडूंनी एवढा गदारोळ केला की कंपनीला माघार घ्यावी लागली. त्या परवान्याची अट एवढीच की मूळ कुणाचं ते सांगायचं आणि आपण बदल केला असेल तर तसं लिहायचं. भाषांतरात मजा आली. फासा टाकून संकटातून वाचण्याला मी 'बचावफेक' म्हटलं. आणि प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवण्याच्या इंग्रजी शब्दाला दुसरा शब्द शोधावाच लागला नाही. पकड! रायगडातल्या मुलीला तो शब्द शोधायला लागला तर तिने पाली सोडल्याचं सार्थक काय?

तर ही पकड. जुन्या, म्हणजे २०१४ च्या नियमात दोघंही फासे टाकायचे. धरणारा आपल्या मल्लविद्येचा आकडा मिळवून, सुटणारा आपला. ज्याची बेरीज जास्त तो जिंकला. टेबलावरच्या एका मुलाने यावरच आपलं सगळं पात्र उभं केलं होतं. आठ महिने त्याने जे काही कमावलं ते मल्लविद्येत घातलं. पाचव्या पायरीवर त्याच्या फाशात नऊ मिळवले जायचे. समोरच्याचे दोन धरा. हिशेब केला तर वीसपैकी पंधरा वेळा त्याची पकड बसायची. त्या मुलाचं शाळेत फारसं कुणाशी जमत नाही. शनिवारी मात्र तो पुलावर उभा राहिला की सगळे म्हणायचे, जाऊ दे त्याला पुढे.

२०२४ मध्ये नवी पुस्तकं आली आणि एप्रिल २०२५ मध्ये त्यांचा गाभाही खुला झाला. नव्या नियमात पकड बदलली. धरणारा फासा टाकतच नाही. त्याचं बळ आणि अनुभव यांत आठ मिळवून एक आकडा ठरतो, आणि समोरचा बचावफेक करतो. यात मल्लविद्येचा वाढवलेला आकडा धरतच नाहीत. त्या मुलाचा आकडा झाला चौदा. म्हणजे वीसपैकी अकरा वेळा पकड, नऊ वेळा समोरचा निसटला. नियम म्हणून वाईट नाही. एक फासा कमी, वेळ वाचतो. पण त्याच्या आठ महिन्यांचं काय?

मी एका शुक्रवारी रात्री जागून सगळं पान नव्या नियमांवर आणलं. जुनं काढलं, नवं घातलं. कुठे काय बदललं याची यादी केली नाही, तारीख टाकली नाही. पान स्वच्छ हवं होतं ना! शनिवारी तो मुलगा पुलावर गेला, फोन उघडला, दोनदा वर-खाली करून वाचलं आणि म्हणाला, "काकू, माझी पकडच गेली."

पुढचे दोन शनिवार तो आला नाही.

असंच मोठ्या प्रमाणावर जगात झालं होतं, आणि मी ते वाचलेलंही होतं, म्हणजे मला माफी नाही. या खेळाच्या प्रकाशकांची स्वतःची एक अधिकृत ऑनलाइन जागा आहे, डीअँडडी बियाँड. लोक आपल्या पात्रांचे कागद तिथेच ठेवतात. ऑगस्ट २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की नवं पुस्तक आलं की त्या कागदांवरच्या जुन्या मंत्रांच्या आणि जादूच्या वस्तूंच्या जागी नवे नियम येतील. जुनं हवं असेल तर स्वतः हाताने पुन्हा लिहून घ्या. लोक संतापले. त्यांचं म्हणणं असं, की छापलेलं पुस्तक आमच्या कपाटात आहे, त्यातली अक्षरं रात्रीत बदलत नाहीत. मग पैसे देऊन घेतलेलं हे पुस्तक का बदलावं? काही दिवसांतच कंपनीने निर्णय फिरवला. जुनं आणि नवं दोन्ही राहील, असं ठरलं.

बारा महिने चालणारा खेळ मध्येच बदलला की काय होतं याचा अनुभव या खेळाला मुळापासून आहे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघांनी एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका घालून हा खेळ विकायला काढला, पहिल्या हजार प्रती. नियम अर्धवट होते. पुढे १९७९ पासून 'ड्रॅगन' नावाच्या मासिकात वाचकांच्या शंकांना उत्तरं देणारं सदर सुरू झालं, म्हणजे सरांच्या चिठ्ठ्याच. १९८९ ला दुसरी आवृत्ती, २००० ला तिसरी, आणि २००३ ला चक्क साडेतिसरी. साडेतीन पीठांच्या देशातल्या माणसांनी त्याला हसू नये. २००८ ला चौथी, २०१४ ला पाचवी. आजही कुठल्या तरी घरात दुसऱ्या आवृत्तीने खेळणारे म्हातारे आहेत आणि त्यांचं काही चुकत नाही, सगळ्यांच्या हातात तेच पुस्तक असलं म्हणजे झालं.

आपल्याकडेही हे होतंच की. आपल्या आजोबांच्या वेळचा हुतुतू तीन तऱ्हांनी खेळला जायचा. संजीवनीत समोरचा एक बाद झाला की आपला एक बाद झालेला परत येतो. गामिनीत सगळा संघ बाद होईपर्यंत कुणी परत येत नाही. अमरमध्ये कुणी बाहेर जातच नाही, नुसते गुण मोजायचे. या गावातून त्या गावात गेलं की आवृत्ती बदलली. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये हुतुतूचे नियम ठरवून त्यांवर स्पर्धा घेतली, तेव्हा कुठे एका गावचा संघ दुसऱ्या गावाशी भांडण न होता खेळायला लागला. निदान कमी भांडून. १९३६ मध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपले देशी खेळ तिथे दाखवले. ज्या खेळाचे नियम फक्त गावच्या आठवणीत असतात तो एवढ्या लांब कसा नेणार?

आणि मग २०१४. हे मला फार उशिरा लक्षात आलं, की प्रो कबड्डी आणि त्या खेळाची पाचवी आवृत्ती एकाच वर्षी, महिन्याभराच्या अंतराने आल्या. टीव्हीवर तीस सेकंदांची चढाई आली, दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणा नाहीतर बाहेर, तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली तर एक गुण जास्त. त्या वर्षी मी पालीला आले होते तेव्हा मैदानावर लहान मुलं मोठ्याने सेकंद मोजत होती. एकाने पंचाला सांगितलं, "काका, ही तिसरी रिकामी चढाई आहे, तो बाद." काकांच्या नियमात तसं काहीच नव्हतं. दोघांचंही बरोबर होतं, आणि खेळ दहा मिनिटं बंद पडला. कुठला नियम धरायचा ते खेळ सुरू होण्याआधी कुणी विचारलंच नव्हतं. पंच काकांनी शेवटी जे केलं ते मला पटलं. ते म्हणाले, आजचा डाव जुन्याने संपवू, उद्यापासून तुमच्या टीव्हीच्या नियमाने.

मला माझ्या टेबलावर हे सुचायला दोन शनिवार लागले. मी जुना नियम शोधून परत पानावर आणला. आता पकडीखाली दोन भाग आहेत, २०१४ चा आणि २०२४ चा, प्रत्येकाखाली कुठून घेतला ते लिहिलेलं, आणि कुणाला कशाने फायदा-तोटा होतो त्याचं एक वाक्य. आमची गोष्ट जुन्या नियमांनी सुरू झाली, ती जुन्यानेच संपेल. पुढची नव्याने. त्या मुलाला मी स्वतः फोन केला आणि सांगितलं की चूक माझी होती, पुस्तकाची नाही. तो "बरं" म्हणाला. सोळा वर्षांची मुलं एवढंच म्हणतात. पण शनिवारी आला.

त्याला एवढ्या सहज सांगता आलं, आणि इथलं तीस वर्षं राहिलं. म्हणून गेल्या दिवाळीत मी सरांच्या घरी गेले. मनाची तयारी करून गेले होते. मी सुरुवात केली, "सर, ती कबड्डीची वही..." सर उठले, आतून पत्र्याची ट्रंक ओढत आणली, आणि त्यातून पुस्तिका काढली. तिच्याखाली माझी वही.

मला वाटलं होतं वही केव्हाच रद्दीत गेली. दहावीनंतर मी ती खालच्या वर्गातल्या मुलींना दिली होती आणि नंतर विचारलंही नव्हतं. उघडली तर ती फुगलेली. जागोजागी चिठ्ठ्या. पान सतरा, मैदानाची आकृती, आणि तिच्यावर सरांच्या हातची चिठ्ठी: झटापट झाली की राखीव क्षेत्र मैदानात धरावे. खाली कोपऱ्यात तारीख. तो सामना झाला त्याच्या नंतरचा सोमवार.

म्हणजे सरांना त्याच आठवड्यात कळलं होतं. वही माझ्याकडून मागून घेतली होती, चिठ्ठी लावली होती, आणि मला परत दिली होती. मी ते पान पुन्हा उघडलंच नाही. भीतीने.

मी विचारलं, "सर, मग मला बोलला का नाहीत?" ते म्हणाले, "तुझ्यावर ओरडलो असतो तर वहीची किंमत गेली असती. सगळ्या मुली त्या वहीवरून शिकत होत्या. वहीत चूक आहे म्हटलं तर ती कुणी उघडली नसती. चूक दुरुस्त झाली की पुरे." मी म्हटलं, पण लोक तुम्हाला बोलले. त्यावर त्यांनी चहा घे म्हणून सांगितलं.

मी ती वही रात्रभर वाचली. चिठ्ठ्या सरांच्याच नाहीत. चारपाच वेगवेगळी अक्षरं आहेत, माझ्यानंतरच्या मुलींची. एका चिठ्ठीवर मुलींच्या मैदानाची लांबी अकराची बारा मीटर झाल्याची नोंद. एका ठिकाणी नुसतं "हे पेणच्या पंचांना विचारले, बरोबर आहे". एकीने माझ्या लाल शाईतल्या शीर्षकाखाली शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली आहे, तिला भेटायला आवडेल. आणि एक गोष्ट मी लहानपणी पाहून न पाहिल्यासारखी केली होती ती आता दिसली. सरांची प्रत्येक चिठ्ठी फक्त वरच्या कडेला खळ लावून चिकटवलेली आहे. उचलली की खालचा जुना मजकूर जसाच्या तसा वाचता येतो. मुलींनीही तसंच केलं आहे. कुणी पुरी चिकटवलेली नाही. प्रत्येकीवर तारीख आहे, कुठून कळलं ते आहे. मला हे कंपनीत शिकवायला एक आठवड्याचं प्रशिक्षण झालं होतं.

शेवटची चिठ्ठी २००६ ची आहे. त्यानंतर काही नाही. टीव्हीवरचे नियम, तीस सेकंद वगैरे, वहीत आलेच नाहीत.

सरांची परवानगी घेऊन मी ती वही आज बरोबर आणली आहे. शाळेचा आताचा मुलींचा संघ मागे उभा आहे, वही त्यांच्या बाईंकडे देणार आहे. छायाप्रत काढून घ्या, फोनवर टाका, काय हवं ते करा, पण मूळ वहीतल्या चिठ्ठ्या काढू नका. नव्या लावा. मी डिंकाची बाटली पण आणली आहे, आणि सर आत्ता मान हलवताहेत, म्हणजे डिंक नको, खळच हवी.

आणि तिसऱ्या रांगेतली. तुला आता कळलं असेल. तू पाय मागे घेतलास तो माझ्या वहीमुळे. सरांनी तुम्हाला चुकीचं शिकवलं नव्हतं. हे मला त्याच दिवशी एसटीत बोलायला हवं होतं. जेवणाआधी माझ्याजवळ ये. पान सतरा मी दुमडून ठेवलं आहे, चिठ्ठी उचलून खालचं वाच आणि मग मला जे बोलायचं असेल ते बोल.